तिसरी खुर्ची

डॉ. विशाखा कांबळे यांच्या तपासणीच्या खोलीत टेबलासमोर तीन खुर्च्या असत. पहिली आईची, दुसरी सोबत आलेल्याची. तिसरी रिकामी दिसली की त्या बाळाच्या छातीवरून मान वर न करता विचारत, "हो म्हणणारा माणूस कुठाय?" बहुधा तो व्हरांड्यात उभा असे, कधी गावीच राहिलेला असे. मग त्याला आत बोलावलं जाई, नाहीतर फोन लावला जाई. "औषध मी आईच्या हातात देते," त्या म्हणत. "ते बाळाच्या तोंडात जाणार की नाही, हे ठरवणारा निराळाच असतो."

त्या धायरीत माझ्या शेजारी राहत आणि शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बालरोग विभाग सांभाळत. पानशेतच्या पलीकडच्या गावांतली मुलं तिथे येत. अंतर, एसटी, खर्च ही कारणं त्या नाकारत नसत. "रस्ता झाला. उंबरठा राहिलाय," एवढंच म्हणत. एका आजीने खोकणाऱ्या नातवाच्या छातीवर बिब्बा घातला होता. जखम बघून बाई म्हणाल्या, "आजी, एक आजार होता, आता दोन झाले. तिसरा घरी करू नका."

बातमीच्या कामासाठी मी एकदा त्यांच्या विभागात बसलो होतो. दुपारी एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन आले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ आदल्या दिवसापासून दूध ओढत नव्हतं. आता धाप लागली होती.

"काल का नाही आणलंत?"

"लोकाचं लेकरू हाय, बाई. पाव्हणं आल्याबिगर कसं हलवायचं? काय झालं तर बोल आमच्यावर."

त्या दिवशी बाईंनी तिसऱ्या खुर्चीची चौकशी केली नाही. उपचार लगेच सुरू झाले. संध्याकाळी बाळ गेलं.

त्यानंतर मुलीचे सासरे पोचले. व्हरांड्यातच त्यांनी व्याह्यांना विचारलं, "आमाला न इचारता हलवलंच कसं?" आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. तुमची वाट पाहण्यातच वेळ गेला, असं त्या सांगतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सासऱ्यांना आत नेऊन तिसऱ्या खुर्चीवर बसवलं.

"आजार मोठा होता. आपल्या व्याह्यांनी वेळ दवडला नाही. आपल्याला न विचारता आणलं, हेच बरोबर केलं. त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं ना?"

सासरे म्हणाले, "केलं असतं."

बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव असत्य. घरी परतताना कारण विचारलं. "त्या मुलीला त्याच घरात नांदायचंय," त्या म्हणाल्या. "आणि तिच्या बापाला खरं ठाऊक आहेच."

गेल्या वर्षी बाई वारल्या. काही महिन्यांनी तेच म्हातारे त्यांचं घर शोधत धायरीत आले. सोबत लहान नात होती, त्याच मुलीची. दाराला कुलूप होतं. बाई गेल्याचं मी सांगितलं. ते पायरीवर बसले, नातीला जवळ घेतलं.

"ही माझ्याकडं असताना तापली, तवा आधी दवाखाना गाठला. पाव्हण्यांना फोन तिथनं केला."

"ते काय म्हणाले?"

"म्हनले, आमची वाट बघू नका."