सात जागी ‘बाई’

“स्वतःच्या आईला बाई म्हणते. मग माया कुठून येणार?” भाऊसाहेब म्हणाले. सगळे हसले. मागून कुणी तरी शेजाऱ्याला म्हणालं, “कविता कसली, यादीच आहे, भिया. कामवालीची यादी.”

देवासच्या आमच्या मराठी मंडळात त्या दिवशी आई-मुलाच्या नात्यावरच्या दोन कवितांची तुलना होती. एक अध्यक्ष भाऊसाहेबांची, एक माझी. तुलना करणारेही अध्यक्षच. मी सचिव. खुर्च्या, चहा, झेरॉक्स, इतिवृत्त माझ्याकडे.

भाऊसाहेब धारच्या सरदार घराण्यातले. त्यांच्या कोठीत, म्हणजे वाड्यात, माझी आई स्वयंपाकाला होती. मी सात वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, “आई, पाणी.” आतून भाऊसाहेबांच्या आईसाहेब म्हणाल्या, “या घरात आई एकच. तू तिला बाई म्हण.” आईनं मान खाली घातली. मला म्हणाली, “म्हण.”

म्हटलं. मग घरीही तेच तोंडात बसलं. ती गेली तेव्हाही मी ‘बाई’ अशीच हाक मारली.

हसणं चालू होतं. मी भाऊसाहेबांची कविता पुन्हा वाचली. पेन्सिलीनं खुणा केल्या. मनगटावर भाजल्याचा डाग. पदराला धुराचा वास. बाटीसारखा तुपातला बाफला कुस्करून, फुंकर घालून भरवलेला घास. आईसाहेबांच्या पदराला अत्तराचा वास यायचा. चुलीपाशी मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मला शंका आली. मी उभी राहिले.

“भाऊसाहेब, आईसाहेबांच्या कुठल्या मनगटावर डाग होता?”

“कवितेला असं विचारत नाहीत गं.”

“डाव्या. तव्याचा. माझ्या आईच्या.”

चाळीस वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला. जड गेला.

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “बाईनं आम्हाला आईसारखंच वाढवलं. त्यात वाईट काय?”

“तिला आई म्हणायला तुम्हाला कविता लागली. मला तर बंदी होती.”

चहा गार झाला. निघताना ते हळूच म्हणाले, “हे इतिवृत्तात घेऊ नकोस.”

घेतलं आहे. शब्दन् शब्द. पुढच्या बैठकीत मीच वाचणार आहे, त्यांच्यासमोर.

माझ्या कवितेत ‘बाई’ सात जागी आहे. एकही खोडणार नाही. तो शब्द मला कुणाच्या घरात मिळाला, ते खाली लिहिणार आहे. नावासकट.