पुस्तकांना नंबर पडले

लूमच्या शेडात कितीबी झाडू मारा, संध्याकाळी कोपऱ्यात कापूस जमतोच. आमच्या भिवंडीच्या वाचनालयात किस्से तसेच जमतात. मी तिथला शिपाई, बाळू. आधी लूमवर होतो. सही येते, आकडे येतात. अक्षरं मात्र दमवतात मला.

पण पुस्तक डोळं झाकून काढायचो! लूमवाले इस्माईलचाचा उरलेले कापडाचे तुकडे द्यायचे, त्यांची मी कव्हरं शिवायचो. पट्टेवालं म्हणजे खुनाचं पुस्तक, चौकडी म्हणजे प्रेमाचं, पांढरं म्हणजे देवाचं.

मग आल्या सुजाता मॅडम, नव्या लायब्रेरियन. म्हणाल्या, कव्हरं काढा, पाठीवर नंबर चिकटवा, सगळं कॉम्प्युटरवर जाणार.

"मॅडम, म्हाताऱ्या पुस्तकांचे कपडे काढताय, सर्दी होईल त्यांना!"

"काका, काम करा."

आमचे अध्यक्ष भाऊ तिथंच बसलेले. म्हणाले, "आता शिकलेला माणूस लागेल. सरकारी तपासणीत एक जरी पुस्तक सापडलं न्हाय, तर बाळूला माझ्या दापोड्याच्या गोडाऊनवर वॉचमन करतो."

मी हसलो. पण स्टूल जरा जवळ ओढून घेतलं. एकोणीस वर्षं त्या पंख्याखालच्या स्टुलावर बसलोय मी!

*

आकडे आपल्याला येतात म्हणून मी खुशीत. दोन दिवसांत अख्खं कपाट लावलं. मॅडमनी बघून कपाळाला हात लावला.

"काका, पॉइंट एकोणऐंशी आधी येतं, पॉइंट आठ नंतर."

"एकोणऐंशी आठपेक्षा लहान? मॅडम, ही शाळा कुठली?"

"पॉइंटनंतर एकेक आकडा बघायचा. आधी सात की आठ?"

"मग असं सांगा ना! पुढच्या बाकावर सात बसलाय, मागचा नऊ मोजायचाच न्हाय!"

कपाट परत लावलं. आणखी दोन दिवस गेले.

*

इस्माईलचाचा आले. "बेटी, वो लाल कपडेवाली किताब दे, जिसमें नाव डूबती है."

मॅडमनी पुस्तकाचं नाव विचारलं. "नाम किसको याद है? कपडा मेरा था, वो याद है!"

मी कानात सांगितलं, "चाचा, आधी कॉम्प्युटरला सलाम करा, मग तो ऐकतो."

चाचांनी झोकात सलाम ठोकला. तेवढ्यात लोडशेडिंग! पडदा काळा.

चाचा भडकले, "इसकू तो तमीज ही नहीं!"

*

एका दुपारी मी मॅडमच्या डब्यावर चिकटवलं ६४१. खाण्यापिण्याच्या पुस्तकांचा नंबर.

मॅडमनी डबा उलटसुलट बघितला. मी म्हटलं, आता बोलणी बसणार.

"नंबर बरोबर हाय, काका," म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. 'हाय' म्हणाल्या बरं का!

*

तपासणीचा दिवस. ठाण्याहून साहेब आले. भाऊ शेजारी, कडक इस्त्रीत. साहेब कॉम्प्युटरवर बोट ठेवत नंबर सांगायचे, मी आणून द्यायचो. सात पुस्तकं दिली, पॉइंटसकट!

आठवा नंबर सांगितला. फळीवर गेलो. जागा रिकामी.

मॅडमनी जुन्या रजिस्टरावरून नंबर चढवलेला, पण पुस्तक सहा वर्षांपूर्वीच कुणीतरी काखोटीला मारून नेलेलं. कुणी, ते मला ठाऊक. दार मीच उघडलं होतं.

भाऊ मोठ्यानं म्हणाले, "न्हाय ना सापडत? बघा साहेब, मी म्हणतच होतो!"

"सापडतंय," मी म्हटलं, "मोठं कपाट हाय, पंधरा मिनिटं द्या." मागच्या दारानं सायकल काढली.

भाऊंच्या घरी वहिनींनी दार उघडलं. "वहिनी, फ्रिजखालचं पुस्तक द्या, साहेब थांबलेत."

"अरे, फ्रिज हलेल माझा!"

मी फ्रिजच्या पायाखाली वीट सरकवली, पुस्तक झटकलं, परत आलो. घामाघूम.

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. मधोमध गोल खड्डा. "एवढा वेळ? कुठल्या कपाटात होतं हे?"

मी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी पुस्तकाकडं बघितलं. मी तोंड उघडलं, तोच भाऊ उठले आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "साहेब, आमचा बाळू जुना माणूस. ह्याला आम्ही कुठंच जाऊ देणार न्हाय!"