पंचवीस टक्क्यांची ॲम्प्यूल

"मॅडम, टेन पर्सेंट डेक्स्ट्रोज, शंभर एमएल. आत्ता!" डॉक्टर आतून ओरडले. उरणच्या कोळी जोडप्याची दोन दिवसांची मुलगी होती. रक्तातली शुगर इतकी उतरलेली की बाळाला झटके येत होते.

पनवेलच्या त्या लहानशा हॉस्पिटलात मी फार्मासिस्ट होते. डेक्स्ट्रोज म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी. दहा टक्क्यांची तयार बाटली संपली होती, नव्या मालाचा टेम्पो कळंबोलीत अडकलेला. अशा वेळी पाच टक्क्यांच्या पाण्यात कडक ॲम्प्यूल, म्हणजे जास्त साखरेची काचेची कुपी, मिसळायची. प्रमाण कपाटाच्या दारावरच्या चिठ्ठीत बघायचं, विचार करायचा नाही, अशी आमची पद्धत. चिठ्ठीप्रमाणे अकरा एमएल सिरिंजमध्ये ओढले आणि लेबलवर नजर गेली. पंचवीस टक्के! चिठ्ठी पन्नासच्या ॲम्प्यूलची होती. अक्षर माझंच.

औषधाच्या खोक्यावर पेनाने गणित मांडलं. पाचवालं x, पंचवीसवालं y. एकूण पाणी: x + y = १००. साखर, दहा टक्के गुणिले शंभर: ५x + २५y = १०००. रीत नववीतली. एका समीकरणातून x काढायचा, दुसऱ्यात घालायचा. x = १०० − y. घाबरून मी तो पहिल्यातच परत घातला. उत्तर आलं, शंभर बरोबर शंभर. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मॅडम, पोरीला काय होनार नाय ना?" खिडकीशी बाळाचा बाप उभा. "तुमचा हात कापतोय, म्हनून इचारलं."

"एसी जास्त आहे," मी म्हटलं. एसी बंद होता.

"किती वेळ?" डॉक्टर.

"एक मिनिट."

"तेवढा नाहीये!"

मग एकदाचा x दुसऱ्या समीकरणात गेला. ५(१०० − y) + २५y = १०००. म्हणजे ५०० + २०y = १०००. y पंचवीस, x पंच्याहत्तर. तरी विश्वास बसेना. माझं खोकं न दाखवता सिस्टरकडून गणित करून घेतलं. तिचंही पंचवीस आलं.

अर्ध्या तासात शुगर वर आली, झटके थांबले. बाप हात जोडून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. चिठ्ठीवर गेले असते तर जेमतेम सात टक्क्यांचं पाणी चढलं असतं, आणि मुलगी आमच्या डोळ्यांदेखत गेलीही असती.

त्यानंतर नियम केला. काहीही मिसळायचं तर दोघींनी वेगवेगळं गणित करायचं. नव्या सिस्टर कुरकुरतात, वेळ जातो म्हणून. जातो.