इंजिनाभोवतीची राख

भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू नंदकिशोर यांचं भांडण वनमालाने केळीच्या आडून ऐकलं, ते बावन्न साली. भाऊंच्या मुलुंडच्या वाडीतलं विहिरीवरचं इंजिन कुणीतरी बैलगाडीत घालून नेलं होतं. नंदकिशोर म्हणत होते, एवढं धूड घरच्या माणसाशिवाय हलत नाही, माळ्याला काढ. भाऊ म्हणाले, नवं आणतो. तेही गेलं तर काढीन.

माळी म्हणजे वनमालाचा नवरा, गुणाजी. त्याला ती काही बोलली नाही. तो भोळा, धावत जाऊन, शपथा घेऊन होता तो संशय पक्का करून आला असता. इंजिन गेलं की वाडीतलं खोपटही गेलं, एवढं तिला पुरेसं होतं.

नवं इंजिन बसलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती इंजिन फिरवायचं हँडल काढून घरी आणायची आणि तांदळाच्या डब्यात खुपसायची. मग चुलीतली राख चाळून इंजिनाच्या छपराखाली चहूकडे पसरायची. सकाळी चहाआधी राख वाचायला हजर. शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पण ही लिपी तिला यायची. मांजर, मुंगूस, बेडूक, सगळे सही करून जात.

दूधवाला धोंडू तिथे बिडी ओढायला थांबला की ही खुरपं घेऊन शेजारीच गवत काढायला बसे. तेलपाणी करणारा मिस्त्री चंद्रप्रकाश इंजिनावरून हात फिरवी, तो तिला जरा जास्तच मायेचा वाटे. गुणाजी वैतागायचा. उद्या माझ्यावरही संशय घेशील, म्हणायचा.

"तुझे पाय मी वळाखतंय, म्हणान सुटलंस," ती म्हणायची.

एका सकाळी राखेत बुटाचे ठसे निघाले. प्रत्येक पावलाशेजारी काठीची गोल खूण. वाडीत बूट घालून, काठी टेकत येणारा माणूस एकच. ठसे इंजिनाला फेरी घालून खोपटाकडे वळले होते आणि राखेचे पांढरे डाग थेट तिच्या दारापर्यंत आले होते. भाऊ दाराशी कान देऊन गेले होते.

वनमालाला राग आला. रागात थोडं हायसंही वाटलं. चोर निदान ओळखीचा निघाला. भाऊ आले तशी तिने हँडल त्यांच्या पुढ्यात धरलं.

"हे तुमच्याकडेच ठेवा, भाऊ. काठी टेकत दारापर्यंत यायचा त्रास नको."

भाऊंनी राखेकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे, आणि हँडल घेऊन गेले. पण वांग्यांना पाणी पहाटे लागतं आणि भाऊंचं घर पार स्टेशनपलीकडे. तीन पहाटा भाऊ हँडल घेऊन धापा टाकत आले. चौथ्या दिवशी त्यांनी ते तिच्या ओट्यावर ठेवलं.

"तूच सांभाळ, बाई. नंदकिशोरचं मी ऐकायला नको होतं."

"मीपण ऐकलं होतं ते. केळीआडून."

माळ्याला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. तिची राख मात्र चालूच राहिली, आणि भाऊंनाही त्यातून सूट नव्हती.

अठ्ठावन्न साली वाडी इमारतींसाठी विकली गेली. भाऊंनी बोरिवलीला जागा घेतली होती. इंजिन, गुणाजी आणि वनमाला तिघांनीही तिकडे जायचं होतं. सकाळी लॉरी येणार होती. गुणाजी बोचकी बांधत होता. आज तरी राख राहू दे, म्हणाला.

"लॉरी उद्याक येतली. राती कोण येतलो, ता माका काय ठावक?"

तांदळाचा डबा तेवढा तिने बांधू दिला नव्हता. हँडल त्यात गेलं. मग तिने राख चाळली, छपराखाली पसरली, आणि रोजच्यासारखी मागे मागे सरकत, आपली पावलं केरसुणीने पुसत, बाहेर आली.