विदाचा कीबोर्ड आणि सासूबाईंचा आयवार

विदाच्या टेबलापाशी आलं की सर्बियातल्या नीशमधल्या त्या ऑफिसातली तरुण मंडळी म्हणायची, "इथं संग्रहालयाची पाटी लावा रे!" एक स्क्रीन आडवी ठेवायची सोडून उभी केलेली, तिच्यावर काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं आणि पुढ्यात लोखंडी कढईसारखा जड कीबोर्ड. विदा, म्हणजे विदोसावा, पन्नाशीची प्रोग्रॅमर. माउसला ती शिवायची नाही. बोटं बटणांवरून उचलली की चालू विचाराच्या तोंडात बोळा बसतो, असं तिचं म्हणणं. कीबोर्ड पहिल्या पगारात घेतलेला. प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग, प्रत्येक अक्षराला टक्क असा आवाज. बिनआवाजी कीबोर्डवर तिला कळायचंच नाही की आपण लिहिलं की नुसतं मनात आणलं.

तिचं सगळ्यात भरवशाचं हत्यार मात्र घरी असायचं. ते म्हणजे तिच्या सासूबाई, पेर्सिदा. प्रोग्रॅम कुठं अडला की विदा त्यांना फोन लावायची आणि सगळी भानगड सविस्तर सांगायची. पेर्सिदाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. "मग, पुढे?" एवढंच त्या म्हणायच्या. पण दुसऱ्या-तिसऱ्या "मग, पुढे?"ला विदाला आपली चूक सापडायचीच. "सापडली, आई!" "सापडणारच. येताना पाव आण."

साहेब होता ओग्न्येन, विदापेक्षा बराच लहान. एका शुक्रवारी तो कानांवर हात ठेवून आला. "विदाताई, हे टायपिंग नाही, गारपीट आहे. सोमवारी दूध संघाची माणसं येतायत. त्यांच्या दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम तुमच्याच टेबलावर दाखवू. पण या खटाऱ्यापायी एकदा जरी अडलं ना, तर तो भंगारात. मग सगळ्यांसारखा चपटा घ्यायचा तुम्ही. कबूल?"

"कबूल," विदा म्हणाली.

उरलेलं काम संपवायला ती कीबोर्ड घरी घेऊन गेली. सप्टेंबर होता. गल्लीतल्या प्रत्येक अंगणात मिरच्या भाजल्या जात होत्या आणि धूर सगळ्या गावाचा मिळून एकच झाला होता. पेर्सिदाबाई मिरच्या सोलत होत्या. आयवारचं, म्हणजे त्या भाजक्या मिरच्यांच्या चटणीचं, पातेलं विदाच्या ताब्यात. पातेल्यापासून उठायचं नाही हा नीशचा कायदा; ढवळणं थांबलं की बूड लागलंच. म्हणून विदाने स्टुलावर लॅपटॉप मांडला, त्याला कीबोर्ड जोडला आणि उजव्या हातात लाकडी डाव, डाव्या हाताने काम, असं सुरू केलं. पातेलं उकळत होतं, फुटफुटत होतं. मग त्याने एकदाच मोठी गुळणी टाकली, ती थेट कीबोर्डवर.

"बाई गं! मिरच्या फुकट गेल्या," पेर्सिदाबाई म्हणाल्या.

विदाने अक्षरांची बटणं स्प्रिंगांवरून उपटली, चाळणीत धुतली आणि उन्हात फडक्यावर पसरली. सासूबाईंना पातेल्यापाशी बसवून ती भाजायची शेगडी परत द्यायला शेजारी गेली, आणि शेजारणीने राकियाचा, घरी गाळलेल्या फळांच्या दारूचा, पेला पुढे केल्यावर लगेच उठता येतं थोडंच! ती परतली तेव्हा कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून तयार होता, वर आयवारची बरणी.

"लावली गं सगळी बटणं. तुला मेलीला वेळ कुठं असतो."

विदाने सासूचा धुरकट वासाचा गाल चुंबला.

सोमवारी दूध संघाचे अध्यक्ष स्वेतोझार आले. पोट पुढे, मिशा त्याहून पुढे. ओग्न्येन उत्साहाने विदाच्या खुर्चीत बसला. "मीच दाखवतो. इथं गावाचं नाव टाकायचं." बटणांकडे बघत त्याने एकेक अक्षर दाबलं. स्क्रीनवर भलतंच काही उमटलं. त्याने पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"आमचं गाव ओळखीचं नाही वाटतं तुमच्या मशीनला?" स्वेतोझारांनी विचारलं.

ओग्न्येन लाल झाला. "झालं समाधान, विदाताई? भंगारात!"

विदाने वाकून पाहिलं. एरवी लिहिताना ती या बटणांकडे बघायचीसुद्धा नाही. पहिलीच्या वर्गातली मुलं उंचीप्रमाणे उभी करावीत तशी अक्षरं ओळीने उभी होती: अ, ब, व, ग, द. पेर्सिदाबाई शाळेत सर्बियन मुळाक्षरं ज्या क्रमाने शिकल्या, त्याच क्रमाने. वरची अक्षरं तेवढी हलली होती, खालच्या स्प्रिंगा जागच्या जागीच होत्या.

"ऊठ रे बाबा," ती म्हणाली.

ती बसली. पण दोन बटणांवरचे ते बारीक उंचवटे, ज्यांच्यावर बोटं टेकली की घर सापडतं, ते कुठंतरी दुसरीकडे गेले होते. उंबरठा काढून नेलेल्या घरापुढे उभं राहावं तशी बोटं हवेत थांबली. मग तिच्या तळहाताला कीबोर्डची कड लागली. तिथं तिच्याच तळव्याने इतक्या वर्षांत एक गुळगुळीत खळगा पाडला होता. हात त्यात अचूक बसला. विदाने नजर स्क्रीनवर ठेवली आणि टक्क, टक्क, टक्क, गाव आलं, गवळी आले, सकाळचं दूध आलं, संध्याकाळचं आलं.

स्वेतोझार तिच्या बोटांकडे वाकून बघत राहिले. "अहो, तुम्ही दाबता एक आणि उमटतं भलतंच. तरी सगळं बरोबर!" मग त्यांनी नाक आक्रसलं. "आणि हा वास... भाजलेली मिरची?"

"आयवार सांडला."

"तिखट?"

"सासूबाईंचा आहे. विचारू नका."

सगळे हसले, ओग्न्येनसुद्धा. विदाने बरणी उघडली, कुणीतरी पाव आणला, आणि दुधाच्या प्रोग्रॅमचं बोलणं चाटूनपुसून पक्कं झालं.

"काय साहेब, टाकताय भंगारात?" विदाने विचारलं.

"भंगारवाला घेईल का हा? अहो, चोरसुद्धा दुसऱ्या दिवशी परत आणून देईल." ओग्न्येनने बोट चाटलं. "ठेवा. पण कोपऱ्यातल्या खोलीत, दार लावून."

घरी पेर्सिदाबाई बरण्यांची झाकणं घट्ट करत होत्या. "चाललं का गं ते?"

"झकास चाललं."

"चालणारच. आधी कुणी मेल्याने अक्षरं कशीही फेकली होती त्यावर. एवढी शिकलेली माझी सून, आणि तिला असला माल विकतात! मी सगळी ओळीत बसवली."

विदाने तोंड उघडलं, आणि मिरच्यांच्या सालींनी लाल झालेल्या सासूच्या बोटांकडे बघून मिटलं.

"बरं केलंत, आई," ती म्हणाली. "इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

त्यानंतर तिने त्या बटणांना हात लावला तो फक्त लिहिण्यासाठी.