लोणच्याच्या बरण्यांखालचं स्पॅनिश नाटक

इथे आखातातच नवऱ्याची सोहारला बदली झाली म्हणून बौशरचा फ्लॅट आवरत होते. स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं कपाट रिकामं केलं, लोणच्याच्या बरण्यांखाली उलटे अंथरलेले कागद ओढले आणि हातच थांबले. पियानोची स्वरलिपी! पाच-पाच रेघा, काळे ठिपके, आणि त्यांवर झिरपलेल्या तेलाची पिवळी वर्तुळं.

चार वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी मी घर पालथं घातलं, तेच हे कागद. माझ्या पियानोच्या मिस गोव्याच्या, राहतात वादी अदाईला. त्यांचे मिस्टर इथल्या एका हॉटेलात पियानो वाजवायचे. स्पेनमध्येही आपल्यासारखीच संगीत नाटकं असतात, थोडं बोलणं, थोडं गाणं, भरपूर हशा. झार्झुएला म्हणतात त्यांना. त्यातली कुणीच विचारत नाही अशी गाणी त्यांनी एकट्या पियानोवर बसवून हाताने लिहून ठेवली होती. ते गेल्यावर मिसनी ती एकुलती एक प्रत माझ्या हातात दिली, फोटो काढून परत दे म्हणाल्या. दोन दिवसांत कागद गायब! "त्यांचं एवढंच उरलं होतं गं," म्हणाल्या, आणि मला शिकवणं बंद केलं.

तेव्हा सासूबाई चिपळूणहून आमच्याकडे व्हिजिटवर आल्या होत्या. खाली कागद असल्याशिवाय त्यांची बरणी फळीवर टेकत नाही, आणि आमच्या घरात वर्तमानपत्र कुठलं? सगळं मोबाईलवर. त्यांचं एक वेळ समजू शकते. पण नवरा?

"अगं हो, आईनेच घातले होते ते," खोक्याला टेप लावत तो म्हणाला. "जाड कागद होता ना."

"तुला माहीत होतं?"

"तू शोधत होतीस तेव्हाच कळलं. तू एवढी भडकलेली! म्हटलं, आईवर कशाला यायला हवं? खलास, विषय संपला."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाद्या उचकटत होते, कचरा उपसत होते, रडत होते, आणि हा बाप्या मूग गिळून माझ्याबरोबर सोफ्याखाली टॉर्च मारत होता! टॉर्च!

"गाडी काढ," म्हटलं. वाटेभर त्याचं एकच पालुपद, "आईचं नाव नको हं घेऊस."

मिसनी दार उघडलं, कागद पाहिले. मला आत ये म्हणायचंही विसरल्या.

"कुठे होते?"

नवरा माझ्याकडे बघत होता. बघू दे! "सासूबाईंनी कपाटात अंथरले होते, मिस. आणि ह्याला माहीत होतं."

मिसनी कागद माझ्या हातातून घेतले. पियानोवर जाऊन बसल्या. काय खट्याळ गाणं होतं ते! पहिलं पान तर नाचतच गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तेलाचं वर्तुळ आलं. तिथली शाई पार पसरली होती. बोटं थांबली. त्यांनी थोडं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या. मग डोळे मिटून आठवून पाहिलं. नाही आठवलं.

तेव्हा त्या वळल्या. मला नाही, त्याला विचारलं, "इथे काय होतं?"

चार वर्षं गप्प बसलेला माणूस. तेव्हाही गप्पच बसला.