नाकातली रतनगुंज

कुपवाडला ह्यांच्या कारखान्याच्या दारात मालकानं शोभेचं एक झाड लावलं होतं. रोप कुठूनसं केरळकडून आणलेलं. आमच्या भागात तसलं झाड कुणी बघितलंच नव्हतं. नव्वद सालानंतर कधीतरी ते बहरायला लागलं. उन्हाळ्यात त्याच्या शेंगा पिळवटून उकलायच्या आणि लालभडक, गुळगुळीत बिया खाली पडायच्या. रतनगुंज म्हणतात तिला. आमचे हे रोज रिकाम्या डब्यातून बिया घेऊन यायचे आणि तीन वर्षांची लेक दारातच डबा वाजवून बघायची. घरभर बियाच बिया! केर काढताना मी वैतागायचे, "कारखान्यात नोकरी करताय की त्या झाडाखाली?" हे नुसते हसायचे.

एका दुपारी लेक नाकाला बोट लावून म्हणाली, "आई, मणी आत गेला."

मी तिला उचललं. उजेडात नेऊन बघितलं, तर नाकपुडीत लाल टिपका. शेजारच्या मावशी धावत आल्या. "गुंज हाय व्हय? अगं बया, लय इखारी असती ती! थांब, तपकीर हुंगव तिला. शिंकली की पडंल भाईर." मला काही सुचत नव्हतं, मी हो म्हणाले. लेकीनं तपकीर हुंगली, तीही जोरात. शिंक काही आली नाही. टिपका मात्र दिसेनासा झाला.

वाण्याच्या दुकानातून कारखान्यात फोन करून निरोप ठेवला आणि रिक्षानं सांगलीत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "विषाचं सोडा, ही ती गुंज नव्हे. पण घसरून श्वासनळीत गेली तर अवघड होईल. मुलगी अजिबात हलता कामा नये. तुम्ही धरा तिला."

मी धरलं. तिचे पाय माझ्या मांड्यांत, दोन्ही हात एका हातानं दाबलेले, दुसरा हात कपाळावर. डॉक्टरांनी बारीक आकडा नाकात घातला आणि ती किंचाळली, "आई, सोड! आई, त्यांना सांग ना!" अहो, काय सांगणार मी? आणखी घट्ट धरलं. एवढंसं अंग, पण काय तो जोर! आईलाच हाका मारत होती आणि आईपासूनच सुटायला बघत होती. बी सारखी निसटत होती. मी आपली "झालं गं, झालं" म्हणत होते, आणि झालेलं काहीच नव्हतं. इतकी लाचार मी जन्मात कधी झाले नव्हते.

मग तिनं आई म्हणणं सोडलं. "पप्पा, पप्पा" म्हणून रडायला लागली.

एकदाची बी निघाली. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर हे गाडी दामटत पोचले, हात तसेच ग्रीसनं माखलेले. लेकीनं माझ्या मांडीवरून थेट त्यांच्याकडं झेप घेतली. मी पाठीवरून हात फिरवायला गेले, तर तिनं तो झटकला.

"पप्पा, आईनं मला धरलं," ती हुंदके देत त्यांना सांगत होती.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. धरलं होतंच की मी. नाही कसं म्हणू?